मनोऱ्याकडे जाणारी वाट

रत्नागिरीच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, गौतमी नदीच्या काठी वसलेले पावस हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे ते स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे आणि हापूसच्या बागांमुळे. दर्शनार्थींची वर्दळ आणि आंब्याचा हंगाम यांच्याभोवती येथील वर्षाचा क्रम बांधलेला आहे. पण ज्या आकाशाखाली हा क्रम चालतो ते आकाशही आता एका मोठ्या दळणवळणाचा भाग झाले आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. केरळ आणि गोवा यांच्याकडून मुंबईस जाणारी विमाने कोकणपट्टीच्या आसपासच्या हवाईमार्गांनी जातात. ३५,००० फुटांवरून येणाऱ्या विमानास उतरण्याकरिता, दर हजार फुटांस सुमारे ३ सागरी मैल या हिशेबाने, शंभराहून अधिक सागरी मैलांचे अंतर लागते. आणि पावसपासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत मोजला तर सुमारे १३५ सागरी मैल भरतो. म्हणजे रत्नागिरी मागे टाकून थोडे उत्तरेस गेले की विमानाने उंची सोडावयाची वेळ येते. आणि ती केव्हा व किती सोडावी हे वैमानिक केवळ आपल्या मर्जीने ठरवू शकत नाही, त्यासाठी मुंबईत पडद्यासमोर बसलेल्या आणि त्याला कधीही न दिसणाऱ्या एका व्यक्तीची अनुज्ञा त्याला घ्यावी लागते. ती व्यक्ती म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक.

बारावीचा निकाल लागला की पावस, पूर्णगड, गणेशगुळे या परिसरातील विज्ञानशाखेच्या मुलामुलींच्या घरांत जो विचारविनिमय सुरू होतो, त्यात वैद्यक, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माण यांच्या जोडीला अलीकडे या व्यवसायाचेही नाव ऐकू येऊ लागले आहे. त्याबरोबर येणारा प्रश्न मात्र जवळजवळ ठरलेला असतो: हवाई वाहतूक नियंत्रणाची पदवी कोणत्या विद्यापीठात मिळते आणि तिच्यासाठी अर्ज कोठे करावयाचा? हा प्रश्न ज्या पालकाने विचारला, त्याला शहरांतून झळकणाऱ्या जाहिराती तत्काळ उत्तर देतात; विमानाचे चित्र, पदवीच्या नावात कोठे तरी विमानविद्येचा उल्लेख, आणि काही लाखांचे शुल्क. या उत्तरावर विश्वास ठेवून एखाद्या कुटुंबाने बागेचे उत्पन्न गहाण टाकण्यापूर्वी त्याला वस्तुस्थिती कळली पाहिजे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

वस्तुस्थिती अशी की भारतात नागरी विमानतळांवरील नियंत्रकांची नेमणूक मुख्यतः भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. दोन जुन्या प्राधिकरणांचे एकत्रीकरण होऊन १ एप्रिल १९९५ रोजी अस्तित्वात आलेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. कनिष्ठ कार्यकारी, हवाई वाहतूक नियंत्रण, असे प्रवेशाच्या पदाचे नाव. आणि त्या पदासाठी प्राधिकरण जी शैक्षणिक अर्हता मागते तीत हवाई वाहतूक नियंत्रण हे शब्द कोठेही येत नाहीत. भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांसह विज्ञानशाखेची तीन वर्षांची पूर्णवेळ नियमित पदवी, किंवा अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेची पूर्णवेळ नियमित पदवी, मात्र तिच्या एखाद्या तरी सत्रात भौतिकशास्त्र आणि गणित शिकविलेले असले पाहिजे: एवढीच ती अट आहे. विमानतळाच्या नियंत्रण-मनोऱ्यात बसण्याची विद्या प्राधिकरण नेमणुकीनंतर स्वतः शिकवते. विद्यापीठाकडून त्याला हवी असते ती फक्त त्या विद्येची पायाभरणी. म्हणून पावसच्या विद्यार्थ्याने ज्या पदवीसाठी अर्ज करावयाचा, ती पदवी त्याच्या घरापासून एस.टी.च्या एका फेरीच्या अंतरावर, रत्नागिरीतच उपलब्ध आहे.

पायाभरणीसाठी नेमके हेच दोन विषय का, हे समजण्यासाठी त्या कामाचे स्वरूप थोडे जवळून पाहिले पाहिजे. विमानोड्डाणाच्या आरंभकाळी नियंत्रण म्हणजे हाती निशाण घेतलेला माणूस एवढेच होते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९२९ साली आर्ची लीग नावाचा गृहस्थ एक खुर्ची, एक छत्री आणि दोन निशाणे घेऊन धावपट्टीच्या टोकाशी बसे आणि वैमानिकांस थांबा किंवा निघा एवढेच सांगे. आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा आकाशात त्यांच्या वाटेत येणारे दुसरे कोणी जवळजवळ नव्हतेच. आज त्याच मुंबईच्या मुख्य विमानतळावर एकमेकींस छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या आहेत, आणि त्या छेदतात म्हणूनच एका वेळी बहुधा एकीचाच उपयोग करता येतो. त्या एका पट्टीवर दिवसाकाठी ९०० हून अधिक विमाने उतरतात आणि उडतात. दोन विमानांमध्ये कधीकधी मिनिट-दीड मिनिटाचेच अंतर असते, आणि ते अंतर कोणी तरी अखंड सांभाळीत असते.

हे सांभाळणे एका हाती नसते. मनोऱ्यातील नियंत्रक, ज्याला धावपट्टी आणि तिच्या भोवतीचे आकाश प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसते, तो उतरण्याची आणि उड्डाणाची अनुज्ञा देतो. विमानतळाच्या आसमंतात येणाऱ्या विमानांना एका रांगेत आणण्याचे काम आगमन-नियंत्रण कक्षाकडे असते. आणि त्यापलीकडचा लांबवरचा मार्ग क्षेत्र-नियंत्रण कक्षाच्या ताब्यात असतो. भारताचे आकाश या कामासाठी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मुख्य उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागलेले आहे. पावसचे आकाश मुंबईच्या क्षेत्रात मोडते आणि ते क्षेत्र येथील किनाऱ्याशी संपत नाही, अरबी समुद्रावर फार दूरवर पसरलेले आहे. खोल समुद्रावर रडारची दृष्टी पोहोचत नाही; तेथे विमानाने आपले स्थान ठराविक बिंदूंवर कळवावयाचे आणि नियंत्रकाने वेळ, वेग आणि उंची यांच्या हिशेबावरून न दिसणारे चित्र मनात उभे करावयाचे, असा शिरस्ता आहे. उपग्रहामार्फत जाणाऱ्या लेखी संदेशांनी आता हे काम पुष्कळ सुकर केले आहे, तथापि हिशेब सुटलेला नाही.

या हिशेबाचे एक उदाहरण पाहू. रडारच्या देखरेखीखाली एकाच उंचीवरील दोन विमानांत लांबच्या मार्गावर सामान्यतः ५ सागरी मैलांचे अंतर राखावे लागते, किंवा एकाच्या वर दुसरे १,००० फुटांनी असावे लागते; २७ नोव्हेंबर २००३ पासून भारतातही २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात हाच १,००० फुटांचा नियम लागू आहे, त्याआधी तेथे २,००० फूट लागत. आता अशी कल्पना करावी की दोन जेट विमाने समोरासमोर येत आहेत आणि प्रत्येकाचा वेग मिनिटाला ८ सागरी मैल आहे. दोहोंचा सापेक्ष वेग मिनिटाला १६ मैल झाला. म्हणजे ५ मैलांचे ते अंतर नाहीसे होण्यास १९ सेकंदही लागत नाहीत. पावसहून रत्नागिरीस पोहोचण्यास आपल्याला जितका वेळ लागतो, त्याच्या एका लहानशा अंशात, अवघ्या ४० सेकंदांत, ही दोन विमाने मिळून तेवढे अंतर खाऊन टाकतील. अकरावीच्या पुस्तकातील सापेक्ष वेगाचा धडा, जो मुले परीक्षेपुरता पाठ करून विसरतात, तो येथे शेकडो माणसांच्या प्राणांचा धडा होतो.

भौतिकशास्त्राचेही तसेच आहे. विमानाची उंची बहुतांशी हवेच्या दाबावरून मोजली जाते. उंचावरील सर्व विमाने आपले उपकरण १०१३.२५ हेक्टोपास्कल या एकाच प्रमाण दाबावर लावतात, म्हणून त्यांची उंची परस्परांशी ताडून पाहता येते. जमिनीवरील दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर प्रश्न विचारते, विमानातील उपकरण १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देते. त्या उत्तरात विमानाला नेमून दिलेला चार अंकी संकेतांक असतो आणि त्याचा प्रत्येक अंक ० ते ७ यांपैकीच असल्यामुळे एकंदर संकेतांक ८ चा चौथा घात, म्हणजे ४,०९६ होतात. त्यांपैकी ७७०० हा अंक संकटाचा, ७६०० बिनतारी यंत्र बंद पडल्याचा आणि ७५०० अपहरणाचा. दाब, तरंग, सदिश, त्रिकोणमिती आणि संख्यापद्धती यांच्याशी ज्याचा खराखुरा परिचय झाला आहे, त्याला हे सर्व समजून घेण्यास वेळ लागत नाही. ज्याचा झालेला नाही, त्याला पदवीच्या नावातील विमान उपयोगी पडत नाही.

दोन विषयांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट लागते, आणि आपल्या भागातील विद्यार्थी कचरतो तो येथेच. नियंत्रक आणि वैमानिक यांचा संवाद इंग्रजीत चालतो, आणि तो साहित्यिक इंग्रजीत चालत नाही. मोजक्या, ठराविक आणि जगभर एकच अर्थ असलेल्या वाक्प्रयोगांत चालतो. नियंत्रक म्हणतो, "डिसेंड टू फ्लाइट लेव्हल वन ट्री झीरो". तीन या अंकाचा उच्चार मुद्दाम ‘ट्री’ आणि नऊचा ‘नायनर’ असा करतात, कारण खरखरणाऱ्या बिनतारी यंत्रावर अंकाचा घोटाळा होता कामा नये. वैमानिकाने तीच आज्ञा उलट म्हणून दाखवावयाची असते. समजा त्याने म्हटले, "डिसेंडिंग टू फ्लाइट लेव्हल वन टू झीरो". येथे १३,००० फुटांच्या जागी १२,००० झाले. ज्या क्षणी हे उच्चारले गेले त्या क्षणी नियंत्रकाच्या कानास ते खटकले पाहिजे, आणि त्याने तत्काळ म्हटले पाहिजे, "निगेटिव्ह, आय से अगेन, वन ट्री झीरो". सांगणे जितके महत्त्वाचे, तितकेच परत आलेले ऐकणे महत्त्वाचे. आणि एकाच वेळी दहा-बारा विमानांशी बोलत असताना हे श्रवण क्षणभरही शिथिल होऊ न देणे ही या व्यवसायाची खरी कसोटी आहे.

ही शिस्त कोणाच्या लहरीतून आलेली नाही. तिच्यामागे फार मोठे मोल मोजलेले आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात एका बोइंग ७४७ विमानाने अनुज्ञा मिळाल्याच्या समजुतीने उड्डाणासाठी धाव घेतली आणि त्याच धावपट्टीवर असलेल्या दुसऱ्या बोइंगवर ते आदळले; ५८३ माणसे गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देताना किंवा ती मागे घेतानाच वापरावयाचा, इतर वेळी नाही, असा दंडक झाला. एस.टी.च्या चालकाने कंडक्टरची दुहेरी घंटी वाजल्यावाचून गाडी हलवू नये आणि ती घंटी कंडक्टरनेही दुसऱ्या कोणत्या कारणासाठी वाजवू नये, तसाच हा नियम आहे. आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन ही विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि ३४९ जणांचा अंत झाला. नियंत्रकाने एकास १४,००० आणि दुसऱ्यास १५,००० फुटांची मर्यादा घालून दिलेली होती. कझाक विमान आपल्या मर्यादेच्या खाली आले. त्या दुर्घटनेनंतर येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले, आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे उपकरण भारतीय आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांना सक्तीचे झाले. एका अंकाचे, एका शब्दाचे मूल्य या व्यवसायात काय असते, हे ज्याच्या मनावर ठसले, त्याचे अर्धे शिक्षण झाले असे मी समजतो.

आता अर्जाकडे वळू. पहिला अर्ज बारावीनंतर महाविद्यालयात करावयाचा. रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीचे, १९४५ साली स्थापन झालेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे आणि पावसच्या मुलांना ते रोज जाऊन-येऊन गाठता येते. येथे सर्वांत मोठी सावधगिरी विषयांच्या निवडीत बाळगावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषय आणि गौण विषय अशी नवी रचना आली आहे. तीत विद्यार्थ्याला जे स्वातंत्र्य मिळाले, त्याबरोबरच एक धोकाही आला. रसायनशास्त्र मुख्य घेऊन भौतिकशास्त्रास पहिल्या वर्षातच निरोप देणारा, किंवा भौतिकशास्त्र मुख्य ठेवून गणिताऐवजी दुसरा सोयीचा विषय जोडणारा विद्यार्थी चांगला पदवीधर होईल, पण या पदाच्या अर्हतेत तो बसेल की नाही याची शाश्वती राहणार नाही. म्हणून भौतिकशास्त्र मुख्य आणि गणित गौण, किंवा त्याच्या उलट, अशी निवड करून हे दोन्ही विषय गुणपत्रिकांवर स्पष्ट दिसतील अशी व्यवस्था प्रवेशाच्या वेळीच करून घ्यावी. महाविद्यालयाच्या कचेरीत दोन वेळा विचारावे लागले तरी संकोचू नये. दूरशिक्षणाची पदवी इतर अनेक कामांसाठी उत्तम असली तरी ‘पूर्णवेळ नियमित’ या शब्दांमुळे ती येथे चालत नाही. ज्यांना अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला आहे, त्यांनी तो या कारणासाठी सोडण्याची यत्किंचितही आवश्यकता नाही.

विमानविद्येचे नाव असलेल्या पदव्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. त्या सर्वच निरुपयोगी आहेत असे नाही. विमानतळ-व्यवस्थापन, मालवाहतूक, प्रवासी सेवा या क्षेत्रांत त्यांचा उपयोग होतो. २०१३ च्या कायद्याने उत्तर प्रदेशात अमेठीजवळ फुरसतगंज येथे स्थापन झालेले राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ याच प्रकारचे शिक्षण देते. परंतु ज्याला नियंत्रकच व्हावयाचे आहे त्याने अशा कोणत्याही अभ्यासक्रमाला नाव नोंदविण्यापूर्वी दोन प्रश्न लेखी विचारावेत: ही पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची नियमित विज्ञान-पदवी आहे काय, आणि तिच्यात भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय आहेत काय? उत्तर तोंडी आणि गोड मिळत असेल, पण लेखी मिळत नसेल, तर तेथून परत फिरावे. नोकरीची हमी देणाऱ्याच्या शब्दावर तर मुळीच विसंबू नये. ही भरती प्राधिकरणाच्या जाहीर परीक्षेनेच होते आणि तिची हमी देण्याचा अधिकार अन्य कोणासही नाही.

दुसरा अर्ज पदवीनंतर प्राधिकरणाकडे करावयाचा. जाहिरात प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत येते. तिला ठराविक महिना नसतो आणि जागाही कमीजास्त होतात: २०२३ च्या जाहिरातीत ४९६ जागा होत्या, २०२५ च्या जाहिरातीत ३०९. वयाची कमाल मर्यादा २७ वर्षे, आणि राखीव प्रवर्गांस नियमानुसार सवलत. शुल्क अलीकडे १,००० रुपये होते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ते माफ होते, ही गोष्ट मुलींच्या पालकांनी विशेष लक्षात ठेवावी.

अर्ज भरताना गावाकडील उमेदवार ज्या ठिकाणी अडखळतो ती ठिकाणे बहुधा कागदपत्रांची असतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एक, आधारपत्रावर आडनाव आधी, आणि पदवीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव जोडलेले, अशी तीन रूपे एकाच व्यक्तीची असली की पडताळणीच्या दिवशी ती व्यक्ती स्वतःची ओळख पटविण्यात शक्ती खर्च करते. ज्यांना इतर मागास वर्गाची सवलत घ्यावयाची आहे, त्यांनी हे ध्यानी धरावे की प्राधिकरण केंद्र सरकारचे असल्यामुळे दाखला केंद्राच्या नमुन्यात आणि केंद्राच्या यादीप्रमाणे लागतो. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला तेथे पुरत नाही. तहसील आणि प्रांत कचेरीतील हे काम जाहिरात आल्यावर सुरू केले तर मुदत हातची निसटते. म्हणून ते पदवीच्या शेवटच्या वर्षातच उरकून ठेवावे. गुणांऐवजी श्रेणी मिळाली असेल तर तिचे टक्क्यांत रूपांतर कसे करावयाचे याचे विद्यापीठाचे पत्रही दप्तरी असावे.

परीक्षा संगणकावर होते. अलीकडच्या भरतींत १२० प्रश्न, १२० गुण, दोन तासांचा अवधी, आणि चुकीच्या उत्तरास गुणकपात नाही. निम्मे प्रश्न इंग्रजी, तर्कबुद्धी, अंकगणितीय क्षमता आणि सामान्यज्ञान यांवर, निम्मे गणित व भौतिकशास्त्रावर. त्यातून निवडलेल्यांची कागदपत्रे तपासली जातात, आवाजाची चाचणी होते, मानसिक चाचणी आणि मादक द्रव्यांसंबंधीची तपासणी होते, आणि शेवटी वैद्यकीय तपासणी. आवाजाच्या चाचणीत पाहिले जाते ते उच्चार स्पष्ट आहेत की नाहीत, बोलण्यात अडखळणे आहे काय. कोकणी हेल असणे हा तेथे गुन्हा नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, जिचा उगम ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात आहे, भाषेच्या सहा पातळ्या ठरविल्या असून कामकाजास चौथी पातळी आवश्यक मानली आहे. तीत मातृभाषेची छटा स्वीकारलेली आहे, मात्र ती अर्थबोधाच्या आड येता कामा नये. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने रोज पंधरा मिनिटे इंग्रजी वृत्तपत्र मोठ्याने वाचण्याचा आणि ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणण्याचा सराव तीन वर्षे केला, तर या चाचणीचे भय तिला राहणार नाही.

निवड झाल्यावर प्रशिक्षण सुरू होते, आणि त्या काळातही वेतन मिळत असते. प्रयागराजजवळ बमरौली येथे १९४८ साली स्थापन झालेले नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण महाविद्यालय हे या विद्येचे जुने पीठ; हैदराबादेतही असे केंद्र आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात गोंदियाच्या बिरसी विमानतळावर प्राधिकरणाची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे. तेथे बनावट आकाश दाखविणाऱ्या यंत्रांवर काही महिने अभ्यास झाल्यावर नेमणुकीच्या ठिकाणी अनुभवी नियंत्रकाच्या शेजारी बसून प्रत्यक्ष काम शिकावयाचे, आणि त्या-त्या कक्षाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच एकट्याने सूत्रे हाती घ्यावयाची. कनिष्ठ कार्यकारी पदाची मूळ वेतनश्रेणी ४०,००० ते १,४०,००० रुपये आहे. त्यावर भत्ते वेगळे. कक्ष बदलला, विमानतळ बदलला, तर पुन्हा शिकणे आणि पुन्हा परीक्षा. या व्यवसायात विद्यार्थीदशा निवृत्तीपर्यंत संपत नाही.

सैन्यदलांचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण गोव्याच्या दाभोळी विमानतळावरील नियंत्रण नौदलाकडे आणि पुण्याच्या लोहगावचे वायुदलाकडे आहे. नौदल अभियांत्रिकी पदवीधरांना अल्पसेवा अधिकारी म्हणून नियंत्रणाच्या शाखेत घेते. रत्नागिरीच्या विमानतळावर तर तटरक्षक दलाचेच हवाई ठाणे आहे.

परदेशाचा विचार करणाऱ्या कुटुंबांसाठीही दोन शब्द. हवाई वाहतूक नियंत्रणासाठीच आखलेली विद्यापीठीय पदवी खरोखर आहे ती प्रामुख्याने अमेरिकेत. फ्लोरिडातील एम्ब्री-रिडल आणि नॉर्थ डकोटा विद्यापीठ ही तिची प्रसिद्ध ठिकाणे. पण त्या पदवीनंतर तेथील संघराज्य सरकारच्या सेवेत नियंत्रक होण्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागते आणि वय ३१ च्या आत असावे लागते. तेव्हा न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मराठी मुलास ती वाट मोकळी आहे. येथून शिकण्यास जाणाऱ्याला ती शेवटपर्यंत नेत नाही. शिवाय ती पदवी घेऊन तो परत आला तर समकक्षता घेण्याचा आणि पुन्हा त्याच दोन विषयांचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. ब्रिटनमध्ये तर पदवीची अट नाही. तेथील सेवासंस्था कसोट्या घेऊन स्वतःच प्रशिक्षण देते. पदवीच्या नावापेक्षा माणसाची अवधानशक्ती पारखावी, हे तत्त्व याप्रमाणे पुष्कळ ठिकाणी मान्य झालेले आहे.

या वाटेवर येणाऱ्याने तिची कठीण बाजूही जाणून घ्यावी. पाळ्या सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या. गणपती आणि शिमगा हे कोकणातील घराने एकत्र यावयाचे दिवस, पण आकाश त्या दिवशीही भरलेलेच असते, किंबहुना अधिक. पहिली नेमणूक देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात होऊ शकते. आणि जागा काही शेकडे, उमेदवार असंख्य, त्यामुळे पात्र असूनही निवड न होणारे पुष्कळ असतात. यासाठीच मी भौतिकशास्त्र-गणिताच्या साध्या पदवीचा इतका आग्रह धरतो: परीक्षेत यश आले नाही तरी ती पदवी अध्यापन, पदव्युत्तर संशोधन, हवामानशास्त्र, संगणकविद्या, बँकांच्या आणि शासनाच्या परीक्षा अशी अनेक दारे उघडी ठेवते, एकाच व्यवसायाचे नाव धारण करणारी महागडी पदवी मात्र ते एक दार बंद झाले की निष्प्रभ होते.

कोकणाच्या परिसरात आता आकाशमार्ग वाढत आहेत. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, गोव्यातील मोपाचा जानेवारी २०२३ मध्ये. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. या विमानतळांसाठी कोकणाने आपली जमीन दिली. तेथील मनोऱ्यांत बसून निर्णय करणाऱ्यांत कोकणची मुलेमुली असावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी नव्या संस्थेची, मोठ्या निधीची आवश्यकता नाही. पावस-पूर्णगड परिसरातील प्रत्येक शाळेच्या विज्ञानशिक्षकाने दहावीचा वर्ग निरोप घेण्यापूर्वी आणि बारावीचा निकाल लागल्यानंतर एकेकदा प्राधिकरणाच्या जाहिरातीतील अर्हतेचे ते एक कलम मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे, त्यातील ‘भौतिकशास्त्र’, ‘गणित’ आणि ‘नियमित’ या तीन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर जाहिरातीची प्रत लावण्याची व्यवस्था करावी. गावातील एखाद्या मुलीला सोळाव्या वर्षी एवढी माहिती मिळाली, तर एकविसाव्या वर्षी ती त्या परीक्षेस बसण्यास पात्र असेल. आणि पुढचे यश तिच्या अभ्यासावर अवलंबून राहील, माहितीच्या अभावावर नाही.